नेपच्यून एवढा निळा नाहीच! अवकाशातल्या चित्रांचे रंग ठरवतं कोण?

निरभ्र

नेपच्यून म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. गर्द निळा गोळा, मधे एक काळपट डाग, वर पांढऱ्या ढगांच्या बारीक रेघा. व्हॉयेजर २ यानाने १९८९ च्या ऑगस्टमध्ये पाठवलेलं हे चित्र पाठ्यपुस्तकं, भिंतीवरचे तक्ते, कार्टून, विज्ञानकथांची मुखपृष्ठं असं सगळीकडे पोचलं. पण नेपच्यून तसा दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हबल आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांच्या (प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार केलेल्या नोंदींच्या) आधारे जुन्या फोटोंचे रंग पुन्हा बसवले. तेव्हा दिसलं की नेपच्यून आणि युरेनस जवळपास एकाच रंगाचे आहेत, फिकट हिरवट निळे. नेपच्यून किंचित जास्त निळा, एवढाच काय तो फरक.

यात कुणी काही लपवलं होतं असं मात्र नाही. ढग आणि पट्टे नीट दिसावेत म्हणून १९८९ मध्येच रंग मुद्दाम चढवले होते आणि फोटोखालच्या ओळींत तसं लिहिलंही होतं. फोटो जगभर फिरला, ओळ मागे राहिली.

हा धागा त्या मागे राहिलेल्या ओळीबद्दल आहे.

मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट १९६५ ची आहे. त्या जुलैमध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं. मंगळाचे इतक्या जवळून घेतलेले फोटो तोवर कुणी पाहिलेच नव्हते. प्रत्येक फोटो २०० बाय २०० ठिपक्यांचा, आणि यानाकडून माहिती येण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ८ बिट. एक फोटो यायला आठ तासांहून जास्त! त्यावर संगणकाची प्रक्रिया व्हायला आणखी वेळ. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना काही धीर धरवेना. यानावरचा टेप रेकॉर्डर नीट चालला की नाही हेही त्यांना बघायचं होतंच. त्यांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापून घेतले, पट्ट्या शेजारी शेजारी एका फळ्यावर स्टेपल केल्या, कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवलं आणि पेस्टल खडूंनी आकडे रंगवत सुटले. पिवळा, तांबूस, तपकिरी. अधिकृत काळापांढरा फोटो तयार होण्याआधी मंगळाचं हे हाताने रंगवलेलं चित्र तयार होतं. ते आजही त्या प्रयोगशाळेत चौकटीत लावलेलं आहे. जवळून बघितलं तर खडूच्या फराट्यांखाली छापील आकडे वाचता येतात.

ते चित्र आहे की मोजमाप? मला वाटतं, दोन्ही.

आता हबलचं १९९५ चं ‘सृष्टीचे स्तंभ’ घ्या. गरुड तेजोमेघातले वायू आणि धुळीचे खांब, टीशर्टपासून टपाल तिकिटापर्यंत सगळीकडे छापलेले. तिथला गंधक ६७३ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाश देतो, हायड्रोजन ६५६ ला. दोन्ही लालच, आपल्या डोळ्याला वेगळे कळणारही नाहीत. ऑक्सिजन ५०२ ला, तो हिरवट. जसंच्या तसं दाखवलं तर बहुतेक चित्र लालसर होईल आणि कुठला वायू कुठे आहे ते काही समजणार नाही. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. तरंगलांबीचा क्रम तोच ठेवला, फक्त अंतर वाढवलं. ते सोनेरी-निळसर रंग आले ते असे.

माझं म्हणणं असं आहे की अवकाशातल्या चित्रात रंग भरणं ही फसवणूक नाही. त्यात शास्त्रही आहे आणि कलाही. फसवणूक सुरू होते ती ‘हे रंग कसे दिले’ सांगणारी ओळ गळते तिथे, आणि ती बहुतेक वेळा आपल्यापर्यंत येईतो गळते. तुम्हाला काय वाटतं? चित्रकला, सिनेमा, छायाचित्रण यांतल्या मंडळींनी जरूर लिहा.

---

धूमकेतू

उत्तम धागा, पण मूळ मुद्द्याशी असहमत. सर्वसामान्य माणूस फोटो बघतो तेव्हा ‘तिथे गेलो तर असंच दिसेल’ असं धरूनच बघतो. फोटो या शब्दाचा आपल्याशी तसा अलिखित करारच आहे. गंधकाला लाल आणि हायड्रोजनला हिरवा रंग देऊन जे तयार होतं त्याला नकाशा म्हणा, आलेख म्हणा. फोटो म्हणू नका. ओळ खाली छापली की झालं, हे मला पटत नाही. ओळ वाचतो कोण?

---

मृगशीर्ष

धूमकेतू, ‘तिथे गेलो तर’ याचं उत्तर फार निराशाजनक आहे हो. मृगातला तेजोमेघ चांगल्या दुर्बिणीतून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. राखाडी, फार तर किंचित हिरवट झाक असलेला धूसर पुंजका दिसतो. अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. आणि जवळ गेल्यानेही फार फरक पडणार नाही. तेजोमेघ आकाशात मोठा दिसेल, पण त्याचा दर चौरस अंशाचा उजेड तेवढाच राहील. त्यामुळे ‘डोळ्याला दिसेल तसं’ ही कसोटी लावली तर बहुतेक विश्व राखाडीच छापावं लागेल.

कॅमेरा तासन् तास प्रकाश गोळा करतो. तो आपल्यापेक्षा जास्त बघतो, खोटं बघत नाही.

---

कुंचला

चित्रकार म्हणून लिहिते. जरा लांबेल.

यान पोचण्याआधी चित्रकार पोचले होते. चेस्ली बोनस्टेल हे मूळचे वास्तुविशारदांकडे काम करणारे, मग हॉलिवूडमध्ये पडद्यामागची दृश्यं रंगवणारे. १९४४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यांनी शनीच्या वेगवेगळ्या चंद्रांवरून शनी कसा दिसेल याची चित्रं दिली. त्यातलं टायटनवरचं सगळ्यात गाजलं. बर्फाळ कडे, गडद निळं आकाश आणि त्यात शनीची भली मोठी कोर. टायटनला वातावरण आहे हे खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी त्याच सुमारास दाखवलं होतं. वातावरण आहे म्हणजे आकाश निळं, असा तेव्हाचा तर्क, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. हायगेन्स हे यान १४ जानेवारी २००५ ला तिथे उतरलं तेव्हा दिसलं ते नारिंगी धुकं. त्या धुक्यातून जमिनीवरून शनी डोळ्याला दिसायचाच नाही.

त्यांच्या चंद्राचंही तेच झालं. बोनस्टेलचे चांद्रपर्वत टोकदार, सुळक्यांसारखे. वारा-पाऊस नाही, मग झीज कशाने होणार, असा विचार त्यामागे होता. पण सूक्ष्म उल्का अब्जावधी वर्षं आदळत राहिल्याने ते डोंगर गोलसर झालेत. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात त्यांचं चंद्रभूमीचं ४० फूट लांबीचं भित्तिचित्र होतं. अपोलोचे फोटो आल्यावर १९७० मध्ये ते उतरवलं गेलं. मला याचं वाईट वाटतं. चित्र शास्त्राच्या दृष्टीने जुनं झालं होतं, पण एका अख्ख्या पिढीला चंद्रावर जावंसं वाटलं ते असल्याच चित्रांमुळे. पन्नासच्या दशकात ‘कोलियर्स’ मासिकात अग्निबाण-तज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांचे लेख आणि बोनस्टेल यांची चित्रं एकत्र आली, तेव्हा अवकाशप्रवास ही करून दाखवण्याजोगी गोष्ट आहे असं अमेरिकेतल्या सामान्य वाचकाला वाटायला लागलं.

निरभ्र फक्त रंगांबद्दल बोलताहेत, मी त्यात चौकटीचाही मुद्दा घालीन. अवकाशात वर-खाली नसतं. ‘स्तंभ’ उभे दिसतात कारण कुणीतरी ते उभे छापले. १८७१ मध्ये थॉमस मोरान हा चित्रकार यलोस्टोनच्या सर्वेक्षणासोबत गेला होता. त्याच्या चित्रांचा प्रभाव असा की पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचे ते उंच कडे, मागून येणारा सोनेरी उजेड, खाली गडद सावली एकदा बघा आणि मग हबलचे स्तंभ बघा. भव्य म्हणजे काय हे आपल्या नजरेला आधीच शिकवलेलं आहे. अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ ला टिपलेला पृथ्वीउदयही मूळ चौकटीत वेगळा आहे. चंद्राचं क्षितिज उभं आणि पृथ्वी त्याच्या बाजूला. आपण ते आडवं करून बघतो, म्हणून पृथ्वी ‘उगवते’.

आणि आता अ‍ॅलन बीन. अपोलो १२ चा हा अंतराळवीर चंद्रावर चाललेला चौथा माणूस. १९८१ मध्ये नासा सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला. चंद्र करडा आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याच्या चित्रांत जांभळे, हिरवे, गुलाबी रंग आहेत. चंद्रावर वापरलेला हातोडा आणि बुटाच्या तळव्याचा ठसा तो चित्राच्या ओल्या थरात उमटवायचा. स्वतःच्या पोशाखावरच्या बिल्ल्यांना चंद्राची धूळ चिकटलेली होती, त्या बिल्ल्यांचे बारीक तुकडे करून तो रंगात मिसळायचा. म्हणजे त्याच्या चित्रातले रंग मनाचे आणि धूळ खरी. धूमकेतू, याला तुम्ही काय म्हणाल?

---

धूमकेतू

कुंचलाताई, बीन यांच्या चित्राला मी चित्रच म्हणेन, आणि आदराने. तिथे माझी हरकत नाहीच. कॅनव्हास कधी ‘मी फोटो आहे’ असा दावा करत नाही. माझा आक्षेप दावा करणाऱ्यांवर आहे.

---

निरभ्र

धूमकेतू, दावा करणाऱ्यांचीच एक गोष्ट सांगतो. व्हायकिंग १ मंगळावर २० जुलै १९७६ ला उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिला रंगीत फोटो आला आणि त्यात आकाश निळसर होतं. तीन वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून (फिल्टरमधून) आलेल्या माहितीचा तोल कसा धरायचा हे अजून नीट बसलेलं नव्हतं. यानावर ठरलेल्या रंगांचा तक्ता लावलेला होता, त्याच्याशी ताडून पाहिल्यावर कळलं की आकाश फिकट गुलाबी-पिवळसर आहे, हवेतल्या बारीक लालसर धुळीमुळे. दुरुस्ती जाहीर केली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी हसत हसत हुर्यो केली, असं कार्ल सेगन यांनी लिहून ठेवलंय. मंगळ पृथ्वीसारखा निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गंमत म्हणजे मंगळावरचा सूर्यास्त खरोखरच निळसर असतो. तीच बारीक धूळ निळा प्रकाश पुढच्या दिशेला जास्त पसरवते, त्यामुळे मावळत्या सूर्याभोवती निळी प्रभा दिसते.

आणखी एक. आजच्या रोव्हरचे फोटो बऱ्याचदा दोन प्रकारांत मिळतात. एक मंगळावरच्या उजेडात असतील तसे. दुसरे ‘पृथ्वीवरच्या उजेडात हे खडक कसे दिसले असते’ तसे, कारण भूशास्त्रज्ञांची नजर पृथ्वीवरच्या उजेडात खडक ओळखायला शिकलेली असते. दुसऱ्या प्रकारात आकाश निळसर येतं. मग ‘नासा मंगळाचं निळं आकाश लपवतं’ वगैरे व्हिडिओ निघतात. इथेही तेच, फोटो पुढे गेला आणि ओळ मागे राहिली.

---

पडद्यामागे

दृश्यपरिणामांच्या कामात असल्याने कृष्णविवराबद्दल लिहितो. रंगाचा प्रश्न तिथे सगळ्यात टोकाला जातो.

१९७९ मध्ये ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने कृष्णविवराभोवतीची तप्त चकती लांबून कशी दिसेल याचं गणित मांडलं. संगणक आयबीएम ७०४०, छिद्रांच्या कार्डांवर चालणारा. आकडे मिळाले, पण त्यांचं चित्र काढून देणारं काही साधन हाताशी नव्हतं. मग या माणसाने कागद घेतला आणि काळ्या शाईने ठिपके देत बसला. जिथे प्रकाश जास्त तिथे ठिपके दाट, जिथे कमी तिथे विरळ. शेवटी त्याची फोटोतली उलटी प्रत काढली, की दाट ठिपके झाले उजेड. त्या चित्रात चकतीची एक बाजू लख्ख आहे आणि दुसरी जवळजवळ विझलेली, कारण आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश वाढतो आणि दूर जाणाऱ्याचा मंदावतो. चकतीची मागची बाजू वर वाकून दिसते, तीही त्यात आहे.

२०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ सिनेमात भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवर कृष्णविवर उभं केलं. त्या कामातून शोधनिबंधही निघाले, आणि त्या टीमबद्दल मला नितांत आदर आहे. पण पडद्यावरचं कृष्णविवर दोन्ही बाजूंनी सारखंच उजळ आहे. एक बाजू लख्ख आणि एक विझलेली हा परिणाम त्यांनी हिशेबात धरून पाहिला आणि अंतिम दृश्यातून काढून टाकला, प्रेक्षक गोंधळेल म्हणून. तसं त्यांनी निबंधात स्वच्छ लिहिलंय.

मग १० एप्रिल २०१९ ला एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली. कडं एका बाजूला जास्त उजळ! शाईचे ठिपके चाळीस वर्षं आधी बरोबर होते.

आता गंमत पुढे आहे. ती प्रतिमा नारिंगी आहे, आणि तो नारिंगी रंग पूर्णपणे निवडलेला आहे. निरीक्षण १.३ मिलिमीटर रेडिओ लहरींवर केलेलं. तिथे डोळ्याला कळणारा रंग नावाची गोष्टच नाही. तीव्रता दाखवायला काळ्यापासून नारिंगी-पिवळ्यापर्यंतची पट्टी घेतली. तप्त वस्तू म्हणजे आगीचा रंग, हे मनात इतकं पक्कं बसलंय की कुणी प्रश्नही विचारला नाही. हिरवी पट्टी घेतली असती तरी शास्त्र तसूभर बदललं नसतं. पण जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हिरवं कडं छापून आलं असतं, तर ते लोकांच्या मनात एवढं बसलं असतं का? मला नाही वाटत. आणि म्हणूनच हा निर्णय कलेचा आहे, मग तो घेणारे खगोलशास्त्रज्ञ का असेनात.

---

स्वरगंगा

काय सुंदर चाललाय धागा! थोडं अवांतर, पण विषयाशी जोडते.

व्हॉयेजरवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. बाख, बीथोव्हेन, चक बेरी यांच्या पंक्तीत. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या. व्हॉयेजर १ ने त्याच महिन्याच्या ५ तारखेला उड्डाण केलं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये ते यान ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. ‘कुठे चाललास’ विचारणारी बंदिश इतक्या लांब गेलेल्या यानावर असणं याने मला अजूनही भरून येतं. तबकडीवरच्या ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे.

आता रंगांकडे. त्याच तबकडीवर शंभराहून अधिक चित्रं आहेत, ध्वनीसारखी खोदलेली. रंगीत चित्र असेल तिथे तेच चित्र तीनदा येतं, एकदा लाल भागाचं, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. पण दूरच्या ग्रहावरच्या ज्या कुणाला ती सापडेल त्याला लाल म्हणजे काय हे कसं कळावं? म्हणून त्यात सूर्याच्या वर्णपटाचं एक चित्र घातलंय, त्यातल्या काळ्या रेषांसकट. त्या रेषा कुठल्या मूलद्रव्यांच्या आहेत हे कुठल्याही ग्रहावरच्या शास्त्रज्ञाला ओळखता येईल, आणि त्यावरून आपले रंग जुळवता येतील.

निरभ्र, तुम्ही म्हणता ती ओळ त्यांनी चित्राबरोबरच पाठवली.

---

कुंचला

स्वरगंगा, हे मला माहीतच नव्हतं! फार आवडलं.

रंग जुळवण्यावरून बीगल २ आठवलं. ब्रिटिशांच्या या मंगळ-यानावर चित्रकार डेमियन हर्स्ट यांचं रंगीत ठिपक्यांचं छोटं चित्र होतं. शोभेसाठी नाही, कॅमेऱ्याचे रंग त्यावरून तपासायचे होते. उतरल्यावर यानाने पहिला संदेश म्हणून ब्लर या बँडची धून पाठवायची होती. २५ डिसेंबर २००३ ला ते उतरलं आणि आवाजच आला नाही. २०१५ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या फोटोंत सापडलं, सौरपंखे पूर्ण न उघडलेलं. चित्र तिथेच आहे.

---

धूमकेतू

सगळं वाचलं. ल्युमिने आणि वर्णपटाची माहिती अप्रतिम. फोटो या शब्दाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

पण एक वेगळी आणि मोठी काळजी आहे. आजकाल एआयने बनवलेली चित्रं ‘जेम्स वेब दुर्बिणीचा नवा फोटो’ म्हणून फिरतात. आपल्या नजरेला सोनेरी-निळ्या तेजोमेघांची सवय झालीये, त्यामुळे ती चटकन खरी वाटतात. हबलच्या रंगांमागे निदान एक गाळणी, एक तरंगलांबी, एक मोजमाप होतं. यांच्यामागे काहीच नाही. हे ओळखायचं कसं?

---

निरभ्र

धूमकेतू, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि फार महत्त्वाचा.

पहिली गोष्ट ताऱ्यांच्या किरणांकडे बघा. हबलच्या फोटोत ठळक ताऱ्याला चार टोकं असतात, दुय्यम आरसा धरणाऱ्या आधारपट्ट्यांमुळे. वेबच्या फोटोत सहा मोठी आणि आडवी दोन छोटी, कारण आरशाचे तुकडे षटकोनी आहेत आणि आधाराचे खांब तीन. बनावट चित्रांत बऱ्याचदा एका ताऱ्याला चार, दुसऱ्याला पाच अशी खिचडी दिसते. पण ही काही कायमची कसोटी नाही, उद्या यंत्र हेही शिकेल.

भरवशाची कसोटी एकच, मूळ पान शोधणं. हबल किंवा वेबच्या अधिकृत प्रतिमेच्या पानावर कुठली गाळणी वापरली आणि तिला कुठला रंग दिला याची यादी असते. वेबची निरीक्षणं अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या, लालपेक्षा लांब लहरींची) असल्याने तिथे सगळेच रंग भाषांतरित असतात. सर्वात लांब लहरींना लाल, सर्वात आखूड लहरींना निळा, असा साधारण नियम. ती यादी मिळाली नाही तर चित्र पुढे पाठवू नये, एवढं पथ्य मी स्वतः पाळतो.

---

अनुराधा_नक्षत्र

वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. छायाचित्रणाचा छंद आहे, फोटोवर संगणकात काम करता येतं. हे रंग आपल्याला स्वतः देऊन बघता येतात का? की सगळी मूळ माहिती संस्थांकडेच असते?

---

पडद्यामागे

अनुराधाताई, येतात की! गुरूपासून सुरुवात करा. जुनो यान २०१६ पासून गुरूभोवती आहे आणि त्यावरचा जुनोकॅम हा कॅमेरा मुख्यतः लोकांसाठीच बसवलेला आहे. कच्च्या प्रतिमा मोहिमेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना उतरवून घेता येतात आणि आपण तयार केलेलं चित्र तिथेच चढवताही येतं. गुरूची जी घोटाळलेल्या ढगांची चित्रं गेल्या काही वर्षांत गाजली, त्यांतली कितीतरी हौशी लोकांनी तयार केलेली आहेत.

कच्ची प्रतिमा उघडल्यावर दचकू नका. लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांच्या बारीक आडव्या पट्ट्या एकाखाली एक येतात, कारण यान स्वतःभोवती फिरत फिरत फोटो घेतं. पट्ट्या जुळवणं हेच कष्टाचं काम. सुरुवातीला तिथली जुळवून ठेवलेली आवृत्ती घ्या आणि नुसता रंगांचा तोल हलवून बघा.

---

कुंचला

आणि दोन आवृत्त्या करा असं मी सुचवीन. एक जमेल तितकी डोळ्याला दिसेल तशी, फिकट. दुसरी ढगांचे पदर उठून दिसतील अशी, रंग चढवून. दोन्ही शेजारी शेजारी इथेच टाका, खाली काय काय केलं ते लिहून. धूमकेतूंनाही बघू द्या.

---

धूमकेतू

नक्की टाका. फिकट आधी.

---

अनुराधा_नक्षत्र

आभार सगळ्यांचे! प्रतिमा उतरवून घेतेय. गुरूच्या दक्षिण ध्रुवावरची वादळं घेते. रविवारपर्यंत दोन्ही आवृत्त्या टाकेन, ओळीसकट.